खुलासा : १९६५ मध्ये चीन युद्धात उतरला नव्हता

कराड-सातारा भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘१९६५ ला चीन पाकिस्तानच्या बाजूनं युद्धात उतरला आणि यशवंतरावांनी दोन्ही आघाड्या जिंकल्या.’ यशवंतराव चव्हाणसाहेब तेव्हा संरक्षणमंत्री होते, हे खरं. बाकी अर्धवट.

चीननं सप्टेंबरच्या मध्यावर निर्वाणीचा खलिता धाडला : सिक्कीम सीमेवरची लष्करी बांधकामं तीन दिवसांत पाडा, आणि पळवलेल्या ८०० मेंढ्या व ५९ याक परत करा! (मेंढ्यांवरून युद्धाची धमकी! दिल्लीत याची भरपूर टिंगल झाली.) मुदत वाढली, सीमेवर चकमकी झडल्या, २३ सप्टेंबरला पाकिस्तानशी युद्धबंदी झाली. चीन युद्धात उतरलाच नाही.

म्हणून ती धमकी पोकळ होती असं मात्र नाही. मार्च १९६३ च्या सीमाकरारानं पाकिस्ताननं काश्मीरमधलं शक्सगाम खोरं चीनला देऊन टाकलं होतं. दोघांचं सूत तिथंच जुळलं. परिणामी ऐन लढाईत आपल्या डोंगरी डिव्हिजन उत्तर सीमेवर अडकून पडल्या. युद्धात न उतरताही शेजाऱ्याचा दोस्त फौज बांधून ठेवतो, तो असा.

चीननं पुन्हा असं अडकवू नये, म्हणून १९७१ ला आपण ९ ऑगस्टलाच सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला, आणि पाकिस्तानशी युद्ध झालं डिसेंबरात, हिमालयातल्या खिंडी बर्फानं बुजल्यावर.