आमच्या डब्याचे मानपान

सांगायची गोष्ट अशी की मी १९६६ सालचा सोळा फुटी ट्रेलर विकत घेतलाय, म्हणजे गाडीच्या मागे बांधून ओढत न्यायचं ते पत्र्याचं घर, आणि तो घेतल्यापासून आमच्याकडे "उकडतंय" आणि "गारठलो" ही दोन वाक्यं एकाच वेळी, एकाच खोलीत, शेजारी शेजारी बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतात.

आम्ही राहतो ॲरिझोनात, फिनिक्सला. मी मूळची नागपूरची, त्यामुळे ऊन या विषयात मला कुणी शिकवायला येऊ नये असं माझं मत होतं. नवरा रत्नागिरीचा, त्याला घाम हा विषय जास्त जवळचा. २०२३च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपले ४३ च्या पुढे, रोज, सुट्टी नाही. महिनाभर एसीच्या खोलीत कोंडून घेतल्यावर माणसाच्या डोक्यात काय काय येतं ते विचारू नका, माझ्या डोक्यात ट्रेलर आला. की आपण डोंगरात जाऊ, झाडाखाली डबा लावू, चहा पिऊ. विकणारा म्हातारा टोपी सरळ करत म्हणाला, "सगळं चालतं." तो खोटं बोलला नाही हे मला आज मान्य आहे. सगळं चालतं. फक्त प्रत्येकाची एक अट आहे, आणि लग्नात जशा सासरच्या सगळ्या आत्या एका मांडवात खूश नसतात तसं या डब्यातलं सगळं एका वेळी खूश नसतं.

नवऱ्यानं भिंतीवर टिचकी मारून बघितली. बाहेर अल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूड, आणि मधे दीड इंचाच्या फटीत फायबरग्लासचा कापूस, जो जवळजवळ साठ वर्षं रस्त्यावर हादरून हादरून खाली बसलेला, म्हणजे गुडघ्यापर्यंत इन्सुलेशन आणि वरती देवाची कृपा. "हा डालड्याचा डबा आहे," तो म्हणाला. मी म्हटलं अरे असं काय बोलतोस, १९६९ साली चंद्रावरून आलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्सना नासानं कशात ठेवलं होतं माहितीये? एअरस्ट्रीम कंपनीच्या अशाच ट्रेलरमध्ये, थोडे बदल करून! तर म्हणे, "अगं ठेवलं नव्हतं, क्वारंटाईन केलं होतं. मजा म्हणून कोणी नव्हतं गेलं."

असो.

तर छतावर एसी आहे. १९६६ साली नव्हता, नंतर कुणीतरी छतातल्या चौदा बाय चौदा इंचाच्या झरोक्यात तो बसवला, आणि त्याच्या वजनानं छत मधोमध असं खचलंय की पाऊस पडला की वरती चिमण्यांची सोय होते. एसी १३,५०० बीटीयूचा, एवढ्याशा डब्याला भरपूर, लावला की पिठाच्या चक्कीत झोपल्यासारखं वाटतं पण गार होतं हं, दहा मिनिटांत गार. त्याची अट एवढीच की त्याला प्लग पाहिजे. जंगलात प्लग नसतो. जंगलात एसी म्हणजे डब्याच्या डोक्यावरची पगडी, शोभेला बरी. मग प्लग असलेल्या जागी, पैसे भरून, दुसऱ्यांच्या डब्यांच्या रांगेत उभं राहायचं. तिथेही कळलं की आमच्या डब्याच्या जुन्या वायरिंगला एकूण २० ॲम्पियर झेपतात. एसी खातो तेरा. आणि दीड हजार वॉटची चहाची किटली इथल्या १२० व्होल्टवर खाते साडेबारा. बेरीज तुम्ही करा, मी तर अंधारात बसून केली. तेव्हापासून दुपारी चार वाजता आमच्याकडे रोज मतदान होतं, चहा की एसी, आणि दोघंही मराठी असल्यामुळे ४२ डिग्रीत चहा निवडून येतो.

या सगळ्याला उपाय एकच होता आणि तो मला जन्मापासून माहीत होता. कूलर.

नागपुरात कूलर ही वस्तू नाही, ऋतू आहे. पाडवा झाला की बाबा माळ्यावरून कूलर उतरवणार, जुन्या ताट्या काढून नव्या लावणार, वाळ्याच्या लावल्या तर घरभर तो वास, पंप खरडून साफ करणार, आणि मग आतून ओरडणार, "पाणी सुटलं का?" आणि आपण बाहेरून ओरडायचं "डावीकडून नाही येत!" मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की इथे पण कूलर असतो, याला स्वॅम्प कूलर म्हणतात, ताट्या ॲस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाच्या किसाच्या असतात, आणि पूर्वी तर गाडीच्या खिडकीला अडकवायचे नळकांड्यासारखे कूलर मिळायचे, आतली ताटी सुकली की दोरी ओढून पुन्हा भिजवायची. बाबा इतके खूश झाले की वाळा पाठवतो म्हणाले. त्यांना समजवावं लागलं की अमेरिकेच्या कस्टम्सवाल्याला सुकं गवत दाखवून "हे हवेसाठी आहे" असं सांगायची माझी तयारी नाही.

बारा व्होल्टचा एक जुना कूलर मिळाला, बॅटरीवर चालणारा, प्लगची भानगडच नाही. जून महिना, बाहेर ४२, हवेत ओलावा आठ टक्के. लावला आणि काय सांगू, माहेर आलं डब्यात. तत्त्व साधं आहे, कोरडी हवा ओल्या ताटीतून गेली की पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, हवा गार. पण ती हवा आत घ्यायची तर आतली बाहेर जायला पाहिजे, म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची. हे नागपुरात शेंबड्या पोराला कळतं. रत्नागिरीत कळत नाही. मी वळले की हा खिडकी लावणार, "गार हवा बाहेर चाललीये", मी उघडणार, हा लावणार. शेवटी बाबांनी फोनवरून निरोप दिला, "जावईबापूंना म्हणावं कूलर हवा आणतो, साठवत नाही." जावईबापूंनी मान डोलावली आणि रात्री दोन वाजता उठून खिडकी लावली. सकाळी गाद्या दमट, पोळ्या दमट, लेकीची वही दमट, ती म्हणे आई शाळेत काय सांगू, म्हटलं सांग बाबा कोकणातले आहेत.

तरी जून बरा गेला म्हणायचा. मग जुलै आला. तुम्हाला वाटत असेल वाळवंट म्हणजे बारा महिने कोरडं, तर नाही, ॲरिझोनात मान्सून असतो, नावही तेच, १५ जून ते ३० सप्टेंबर अशी ठरवून दिलेली मुदतही आहे, फक्त खरा ओलावा जुलैत पोचतो. हवेत आधीच पाणी असेल तर ताटीतलं पाणी उडणार कुठे? कूलर मग फक्त वाफारा देतो. तो नागपूरचा मृगानंतरचा चिकट कूलर आठवतोय ना, चालू ठेवला तर अंग चिकटतं आणि बंद केला तर जीव जातो, अगदी तो. मी चिडून चिडून टाकीत पाणी ओततेय, डब्याच्या भिंतींना ओल आलीये, आणि नवरा बनियनवर पाय पसरून, चेहऱ्यावर विलक्षण शांती घेऊन म्हणतो, "आत्ता कुठे घरी आल्यासारखं वाटतंय."

फ्रिजची गोष्ट वेगळी. हा फ्रिज गॅसवर चालतो, खाली ज्योत पेटवायची आणि वर बर्फ, मला हे पटायलाच आठवडा लागला. १९२२ साली स्वीडनच्या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स, कॉलेजात असतानाच हे काढलं. ज्योतीनं अमोनिया पाण्यातून उकळून वर काढायचा, वर तो गार होऊन पातळ होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडतो आणि उडताना आतलं दूध गार करतो, आणि शेवटी पाण्यात विरघळून मूळ गावी परत. मोटर नाही, पंप नाही, आवाज नाही, सगळं उतारानं वाहतं. आणि उतारानं वाहतं म्हणूनच याचा मान सगळ्यात मोठा. डबा जरा तिरका असेल तर आतलं अडतं आणि महाराज रुसतात. जुन्या काळच्या आत्याबाईंना पाट हलता मिळाला की त्या जेवायच्या नाहीत, तसं. मग कुठेही पोचलं की आधी एका चाकाखाली फळ्या, मग दुसऱ्या, मग मी आत पोळपाट ठेवून त्यावर लेकीची गोटी सोडणार आणि ओरडणार "अजून डावीकडे!", आणि बाहेरून "कुणाचं डावं?" एकदा कंटाळून "राहू दे एवढं चालतं" म्हटलं आणि सकाळी दुधाचं पनीर झालं होतं. ते मात्र छान झालं होतं, भुर्जी केली.

हीटरबद्दल थोडक्यात सांगते कारण तो जिवंत नाही. मूळचा भिंतीतला हीटर लावायचा म्हणजे लाल बटण दाबून धरा, लांब काडीनं आतली वात पेटवा, मिनिटभर बटण तसंच धरा म्हणजे थर्मोकपल, ज्योत विझली की गॅस बंद करणारा तो पहारेकरी, तापेल, सोडा. सोडलं की फक. पुन्हा. फक. अंगठ्याला भोवरी झाल्यावर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं धुराड्यातून कुंभारीण माशीचं मातीचं घर काढलं, मला वाटलं झालं, सुटलो, पण मग तो टॉर्च आणि आरसा घेऊन पोटावर झोपला आणि उठला तेव्हा तोंड बारीक झालेलं. म्हणाला आतल्या पत्र्याला चीर आहे, कार्बन मोनॉक्साइड तुमच्या खोलीत येईल, त्याला वास नाही, रंग नाही, तुम्ही फक्त झोपाल. हे ऐकल्यावर मी त्या लाल बटणाची मनातल्या मनात माफी मागितली, बिचारं आठवडाभर मला वाचवत होतं. गॅसची नळी बंद करून तो गेला. त्याच्या जागी आम्ही कॅटॅलिटिक हीटर घेतला, प्लॅटिनम लावलेली गादी असते, गॅस तिच्यावर ज्वाळेशिवाय जळतो, बॅटरी लागत नाही, आवाज नाही. पण तो डब्यातलीच हवा वापरतो, त्यामुळे याची अट, खिडकी उघडी ठेवा.

नवऱ्यानं माहितीचा कागद दोनदा वाचला. "म्हणजे उन्हाळ्यात गार व्हायला खिडकी उघडी. थंडीत गरम व्हायला खिडकी उघडी."

"हो."

"मग भिंती कशाला आणल्या आपण?"

तर ऑक्टोबरात आम्ही फ्लॅगस्टाफला निघालो. इंटरस्टेट १७ नं साधारण २३० किलोमीटर, पण फिनिक्स ३३० मीटर उंचीवर आणि फ्लॅगस्टाफ २१०० वर, म्हणजे दुपारी बाराला ३६ डिग्रीत घामानं भिजत हुकला डबा जोडला, चढावर इंजिन तापायला लागलं म्हणून गाडीचा एसी बंद करून खिडक्या उघडून भाजत गेलो, आणि संध्याकाळी पाइनच्या झाडाखाली उतरलो तेव्हा तोच घाम पाठीवर गार पडला. चार डिग्री. रात्री उणे चार होणार होती. गोटी ठेवली, फळ्या लावल्या, फ्रिज पेटवला, हीटर पेटवला, खिडकी दोन बोटं उघडली, लेकीला वरच्या बर्थवर टाकलं आणि झोपलो.

तासाभरात वरून आवाज, "आई उकडतंय." शाळेच्या प्रोजेक्टचे दोन थर्मामीटर होते तिच्याकडे, तिनं एक छताला लावला, एक खाली सोडला. वर २९. जमिनीवर ७. सोळा फुटी डब्यात वर नागपूर आणि खाली महाबळेश्वर. हीटरच्या समोर बसलं तर पुढची बाजू पापडासारखी भाजते आणि पाठ कच्ची, म्हणून दर पाच मिनिटांनी कूस बदलायची. मग पाणी सुरू झालं. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, हे मला शाळेत शिकवलं असेल, पण ते माझ्या कपाळावर पडेल असं कुणी बोललं नव्हतं. अल्युमिनियमच्या चौकटीवर वाफ जमायची, थेंब व्हायचा, ओघळायचा आणि बरोबर माझ्या भुवयांच्या मध्ये. टप. महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात ना, तसं. टप. मी डोकं सरकवलं तर चौकटीच्या दुसऱ्या टोकाला. टप.

तीन वाजता कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चिरकला. तिघं ब्लँकेटं घेऊन उणे चारमध्ये बाहेर, दार सताड उघडं, मी मनातल्या मनात गणपती, आणि लेक शांतपणे आत डोकावून म्हणते, "आई, लो बॅटरी लिहिलंय." तोवर डब्यातली उरलीसुरली ऊब फ्लॅगस्टाफला दान झाली होती. नवी बॅटरी सापडेना आणि अलार्मशिवाय हीटर लावायचा नाही हे मीच ठरवलेलं, म्हणून हीटर बंद, खिडकी बंद, आणि सकाळपर्यंत गाडीच्या डिकीत सापडेल ती प्रत्येक लोकरी वस्तू अंगावर. मी कूलरवर घालायची गोधडीसुद्धा घेतली.

सकाळी उठले तर नवरा जागेवर नाही. बघते तर तो खाली, फ्रिजच्या शेजारी, प्लायवूडच्या फळीला पाठ लावून माकडटोपीत गाढ झोपलेला. हात लावून बघितलं, फळी मस्त कोमट होती, आतली ज्योत रात्रभर इमानेइतबारे जळत होती. फ्रिज उघडला, मसाला घेतला, दूध नव्हतं. दूध कालच जागा पुरेना म्हणून डिकीत ठेवलं होतं. ते आणलं तर दगड, डबी उलटी केली तरी थेंब पडेना.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. "काय गं, फ्रिज चालतो का व्यवस्थित?"

"चालतो ना बाबा. जावईबापूंना रात्रभर गरम ठेवलं त्यानं."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. कूलर झाकला का?"