‘विमान आपोआप उतरतं’ म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘विमान हल्ली कॉम्प्युटरच उतरवतो. पायलट नुसते बघत बसतात. मग दोघादोघांचा पगार आपल्या तिकिटातून कशाला?’

पहिलं पटकन उरकतो. ऑटोलँड, म्हणजे विमान आपोआप उतरवणारी यंत्रणा, असतं, दिल्लीच्या धुक्यात वापरतातही. पण त्याला धावपट्टीवर तशी यंत्रणा, तसं प्रशिक्षण घेतलेले पायलट आणि मर्यादेतला वारा लागतो. एरवी बहुतेक लँडिंग हातानंच होतात. शिवाय ऑटोपायलट चालू असला तरी फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) लावणं, चाकं बाहेर काढणं माणसाकडेच.

‘नुसते बघत बसतात.’ बघतात, खरंय. काय बघतात?

एअरबस ए-320 मध्ये पुढच्या काचेखाली बटणांची एक पट्टी असते. तिच्यावर उंची लावायची घुंडी आणि खाली येण्याचा वेग लावायची घुंडी अगदी शेजारी-शेजारी. 14 फेब्रुवारी 1990 ला इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं 605 क्रमांकाचं ए-320 बंगळुरूला उतरत होतं. लावायचा होता मिनिटाला 700 फूट खाली येण्याचा वेग. चौकशीत निघालं ते असं की बहुधा शेजारची घुंडी फिरली आणि 700 फूट उंची लागली. ती गाठायला इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी जोरावर, आणि विमान खाली. पुढे जाण्याचा वेग 132 नॉट (विमानाच्या वेगाचं एकक) हवा होता, तो 106 पर्यंत घसरला. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान आदळलं. 146 पैकी 92 जण गेले. यंत्र बिघडलं नव्हतं. सांगितलं तेच करत होतं.

20 जानेवारी 1992, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गजवळ, पुन्हा ए-320. त्याच पट्टीवरच्या आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत ‘-33’. हा 3.3 अंशांचा उतार की मिनिटाला 3,300 फूट, ते मोड, म्हणजे यंत्रणेची निवडलेली पद्धत, कुठला आहे त्यावर. तिथे हाच घोळ झाला असावा, असं तपासात मानलं गेलं. 87 बळी. पुढे एअरबसनं खाली येण्याच्या वेगाचा आकडा चार अंकी दाखवायला सुरुवात केली.

म्हणूनच उतरताना मोड बदलला की पायलट तो स्क्रीनवरून मोठ्यानं वाचतात. घुंडी काय फिरवली यापेक्षा विमानानं काय ऐकलं, ते बघायचं असतं. लांबून बघणाऱ्याला हे बसणंच वाटणार.

राहिला दुसऱ्या पायलटचा पगार. इथे मेसेजवाल्याला एक उदाहरण मीच देतो. 25 फेब्रुवारी 2009, अ‍ॅमस्टरडॅम, टर्किश एअरलाइन्सचं बोइंग 737. डावा रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) हवेतच उणे 8 फूट दाखवू लागला, ऑटोथ्रॉटलला, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेला, वाटलं टेकलोच, आणि त्यानं इंजिनांचा जोर काढून घेतला. कॉकपिटमध्ये तिघे होते. तरी वेग पडतोय हे वेळेत कुणी पकडलं नाही. नऊ जण दगावले. ‘तिघे असून काय उपयोग झाला?’ असं कुणी विचारेल. पण वेगाचा आकडा समोर बरोबरच दिसत होता. नजर कमी पडली होती. आणि या मेसेजला त्या नजरांतलीच एक कापायची आहे.