नातवंडांना माघात बोलवा

मे महिन्यात नातवंडांना खान्देशात बोलावण्याची आपली जुनी पद्धत बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या घरात असतो. सकाळी दहानंतर पोरांना दाराबाहेर सोडायची आपली छाती होत नाही. मग कूलरपुढे मोबाईल, मध्ये आमरस, की पुन्हा मोबाईल. असं केलं तर गाव त्यांना कळणार कधी?

गाव दाखवायचं ते थंडी सरता सरता. संक्रांत झाली की शिवरात्रीपर्यंत. सकाळी स्वेटर लागतो, दुपारचं ऊन अंगाला सोसतं आणि शेतात खाण्यासारखं जे जे असतं ते याच दिवसांत असतं. दादर ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, बांधावर बोरांचा सडा, आणि भरताच्या वांग्यांचा हंगाम अजून चालू.

आमचं शेत यावल तालुक्यात आहे. यंदा २६ जानेवारीला जोडून मुलगा आणि सूनबाई पोरांना घेऊन आले. धाकट्या नातीला मी भल्या सकाळी, दव असतानाच हरभऱ्यात नेलं. म्हटलं, पानावर बोट फिरव आणि चाट. डोळे मिटून घेतले तिने. "आजी, याच्यावर लिंबू कोणी पिळलं?" मग तिला सांगितलं की ही आंब झाडाचीच. माझी आई रात्री हरभऱ्यावर पातळ फडकं पसरायची, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची आणि पोट दुखलं की थेंबभर द्यायची. ऐकल्याबरोबर हिला स्वतःचा रुमाल पसरायचा होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मला हलवून उठवलं. रुमाल पिळला तर वाटीच्या तळाला जेमतेम ओल आली. तेवढी वाटी तिने दिवसभर कोणाला हात लावू दिली नाही.

थोरला नातू आजोबांबरोबर दादरीत. गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजायचं आणि गरम असतानाच तळहातावर चोळायचं. पहिलं कणीस चटका बसून त्याने टाकून दिलं. आजोबांनी काही न बोलता दुसरं हातात दिलं. थोड्या वेळाने पोरगा या हातातून त्या हातात झेलत चोळायला लागला, फुंकर मारून कोंडा उडवायला लागला, आणि पहिली मूठ त्याने बहिणीला दिली. ताटात आयता आलेला हुरडा पोरं दोन घास खातात आणि उठतात. म्हणून माझा आग्रह, भाजायला त्यांनाच बसवा. भरताचंही तसंच. वांगी त्यांनी तोडावीत, कपाशीच्या काड्या त्यांनी गोळा कराव्यात. मग कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर तिखट लागलं तरी तक्रार करत नाहीत.

रात्री अंगणात खाट टाकून तिकांडं, म्हणजे मृगातले एका रेषेतले तीन तारे, दाखवा. माघात अंधार पडला की मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. ज्या मृगाच्या पावसाची आपण जूनमध्ये वाट बघतो तो हाच. तेव्हा सूर्य त्याच्याजवळ असतो, म्हणून दिसत नाही. हे ऐकून नातू कितीतरी वेळ वर बघत होता. गाडीची सोय असेल तर एक सकाळ हतनूर धरणावर घालवा. हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक पक्षी पाण्यावर असतात. मे महिन्यात ते तिथे नसतात.

शाळा बुडते, चाचणी आहे, ही आईबापांची काळजी मला कळते. दहावी-बारावीच्या पोरांना बोलवा असं मी म्हणणारच नाही. पण दुसरी-तिसरीतल्या लेकराची एक चाचणी चुकली तर त्याचं काय अडतं? मी तरी सूनबाईला हे स्पष्ट सांगितलं, आणि तिने ऐकलं, याचा मला फार आनंद आहे. तेवढंही नको असेल तर १९ फेब्रुवारीची सुट्टी आहे, शिवरात्रीची आहे, पुढेमागे रविवार जोडता येतो. रेल्वेचं आरक्षण मात्र आधी करा.

स्वतःचं शेत नसलेल्यांनीही मागे राहू नये. ओळखीच्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी विचारा. लेकरासाठी मूठभर घाटे कोणी नाही म्हणत नाही. फक्त न विचारता तोडू नका, पाणी भरलेल्या वाफ्यात पोरांना उतरू देऊ नका, आणि आर विझवल्याशिवाय शेतातून निघू नका. शेजारी वाळलेली कपाशी उभी असते.