सूर्य शांत असतानाही आयनांबर का हलते?

गोव्यातल्या गटागटांवर सध्या एक संदेश फिरतोय. तो आयनांबराबद्दल, म्हणजे उंचावरच्या हवेतल्या विद्युतभारित थराबद्दल आहे; जीपीएसचे संकेत या थरातूनच खाली येतात. संदेशाचा सारांश असा: ‘आयनांबरावर फक्त सूर्याची सत्ता चालते. खालचे वारे तिथवर पोहोचूच शकत नाहीत. म्हणून सूर्य शांत असताना जीपीएस भरकटले, तर तो अलास्कातल्या हार्प या आयनांबर-संशोधन केंद्राचा घात.’ रात्री समुद्रात असलेला ट्रॉलरवाला जीपीएसच्या भरवशावर असतो. त्याच्या मनात असली भीती पेरणे मला पटत नाही, म्हणून हे उत्तर.

‘सूर्याची सत्ता’ हे खरेच. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनीच आयनांबर तयार होते. अंधार पडल्यावर मीडियम वेव्हवर लांबची केंद्रे ऐकू येतात, तीही दिवसा लहरी गिळणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो म्हणून. खोटा आहे तो ‘फक्त’ हा शब्द.

आता वारे पोहोचत नाहीत, हा मुद्दा. वाऱ्याने स्वतः वर जायची गरजच नसते. मीरामारला फुटणारी लाट दूरच्या समुद्राचे पाणी आणत नाही, धक्का आणते. हवेतही तसेच. ओझोन आणि बाष्प रोज उन्हाने तापतात, त्यातून हवेची भरती-ओहोटी उठते आणि वर सरकते. वर हवा विरळ होत जाते, 100 किलोमीटरवर तर जमिनीजवळच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, त्यामुळे तोच धक्का प्रचंड वाढतो. तिथले वारे विद्युतभारित कणांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ओढतात आणि विद्युतक्षेत्र तयार होते. हे क्षेत्र दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे आपल्याकडे तिरुनेलवेलीच्या आसपास, आयनद्रव्य, म्हणजे हेच भारित कण, वर उचलते. ते कारंज्यासारखे दोन्ही बाजूंना उतरते. उत्तरेकडचा ढीग साधारण अहमदाबादेच्या अंगाला साचतो. गोवा या दोहोंच्या मध्ये. कारंज्याचा जोर बदलला की आपल्या डोक्यावरचे आयनांबरही बदलते.

विषुववृत्तावरचे स्थितांबरातले, म्हणजे आयनांबराच्या बऱ्याच खालच्या थरातले, वारे साधारण 28 महिन्यांत पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि पुन्हा उलट असा फेरा पूर्ण करतात. वर जाणाऱ्या लाटांतल्या कुठल्या अडतील, कुठल्या सुटतील, हे बऱ्याच अंशी या फेऱ्यावर ठरते. खालचे वारे आणि आयनांबर यांना जोडणारा धागा आहे तो इथे.

पुरावा हवा? जानेवारी 2009 घ्या. सूर्य कमालीचा शांत होता, चुंबकीय वादळही नव्हते. उत्तर ध्रुवावरचे स्थितांबर मात्र अचानक तापले. त्या दिवसांत हजारो किलोमीटर दूर, पेरूच्या हिकामार्का रडारवर आयनद्रव्य सकाळी जोराने वर आणि दुपारनंतर खाली जाताना दिसले. अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधात सकाळची इलेक्ट्रॉनसंख्या खूप वाढली, दुपारची घटली. शांत सूर्य आणि अशांत आयनांबर, दोन्ही एकाच वेळी. आणि कारण खालून आलेले.

हार्प? त्याचा ट्रान्समीटर 3.6 मेगावॅटचा. अलास्काच्या आकाशातला एक तुकडा तो थोडा वेळ तापवतो, बंद केला की परिणाम विरतो. गोव्याच्या आकाशाशी त्याचा संबंध नाही.

मात्र उलट टोकालाही जाऊ नका. 28 महिन्यांच्या फेऱ्याचा आयनांबरावरचा ठसा बारीक आहे. सूर्याचे 11 वर्षांचे चक्र आणि ऋतू वजा केल्यावरच तो दिसतो. एखाद्या रात्री ट्रॉलरचा जीपीएस गडबडला, त्याचा दोष थेट या फेऱ्यावर टाकता येत नाही. तो संदेश कोणी पाठवला, तर आधी विचारा: गडबड किती वाजता झाली? मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवेलागणीनंतर मध्यरात्रीपर्यंत झाली असेल, तर आयनांबरात उठणाऱ्या, आयनद्रव्य विरळ असलेल्या बुडबुड्यांचा संशय आधी घ्या. ते आपल्या पट्ट्यात नेहमीचेच आहेत.