तंबोऱ्याच्या खुंट्यांबद्दल नागपूरच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय घरात सगळ्यांनी वाचला. आवाज गोड आहे असं लिहून तुम्ही पुढे चार तक्रारी केल्या आहेत: जोडीची, म्हणजे मधल्या दोन एकाच सुरातल्या तारांपैकी एकीची, खुंटी सारखी सरकते, एक खुंटी बाकीच्यांच्या ओळीत नाही, दांडीच्या शेंड्याला मागून करवतीच्या खुणा दिसतात, आणि अडीच महिने सांगून चार महिने लावले. मानांकन मिळालेल्या गावाकडून ही अपेक्षा नव्हती, असंही तुम्ही म्हटलंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यामुळे ते वाक्य फार लागलं.

आधी माझी चूक. ओळीत नसलेली खुंटी मला माहीत होती. शेंडा करवतीने काढून पटाशीने उतरवत आलो, तर खुंटीचं भोक जिथे यायला हवं नेमकी तिथेच एक बारीक गाठ निघाली. तिथे लाकडाची रेघ वळते. खुंटी निमुळती असते, दाबून बसवली की ती पाचरीसारखं काम करते आणि गाठीपाशी तडा जायची भीती असते. म्हणून भोक अर्धं बोट खाली घेतलं. ते बरोबरच केलं, आजही तसंच करीन. पण तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं. तुम्ही 'चालेल' म्हणाला असतात किंवा 'दुसरी दांडी घ्या' म्हणाला असतात. तो निर्णय तुमचा होता, मी परस्पर घेतला.

करवतीच्या खुणांना सबब नाही. आम्ही आखलेली रेघ राखून कापतो, उरलेलं पटाशीने आणि कानशीने काढतो, मग पॉलिश पेपर. मागच्या बाजूला शेवटचा हात फिरलाच नाही. आमचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या घरातून असं काम बाहेर जायला नको होतं. उशीर पावसामुळे झाला. दमट हवेत सांधे आणि पॉलिश वाळत नाही, आणि ओल्यावर पुढचं काम मी करत नाही. पण आषाढात अडीच महिन्यांचा शब्द द्यायलाच नको होता.

मशीनवर कापलं असतं तर खुंटी सरकली नसती, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. तंबोरा पावसाळ्यात मिरजेत बनला आणि आता नागपूरच्या मे महिन्यात, एसीच्या खोलीत आहे. लाकूड सुकलं की आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. शिसवी खुंटी सगळ्या बाजूंनी बारीक होते. दांडीतलं भोक मात्र एकाच दिशेने आकसतं, म्हणून ते किंचित लांबट होतं. मग खुंटी भोकाला सगळीकडून न धरता दोन ठिकाणीच टेकते आणि तारेच्या ओढीने फिरते. भोक कशानेही पाडलं तरी पहिला उन्हाळा निघाला की खुंटी त्या जागच्या हवेत पुन्हा बसवावी लागते. हेही वाद्य देताना सांगायला हवं होतं.

आता तंबोरा मिरजेला पाठवू नका, प्रवासात तंबोऱ्याच्या खालच्या भोपळ्याला धोका आहे. माझा मुलगा हत्यारं घेऊन नागपूरला येईल. चारही खुंट्या तुमच्याच खोलीत बसवून देईल, शेंडा मागून साफ करून पॉलिशचा हात देईल, जवारीही, म्हणजे घोडीवर तारा टेकतात ती घासलेली जागा, बघेल. येण्याजाण्यासकट सगळा खर्च आमचा. दांडीच बदलून हवी असेल तर तीही बदलून देतो, पैसे न घेता. माझं मत विचाराल तर बदलू नका. खुंटी आता गाठ सोडून मजबूत लाकडात बसली आहे, आणि दांडी उतरवली की सांध्यापासून जवारीपर्यंत सगळं नव्याने जुळवावं लागतं.

तोवर सरकणारी तेवढीच खुंटी काढा, कोरड्या फडक्याने पुसा, खडूची पूड चोळा आणि फिरवताना आत दाबत फिरवा. चारही तारा एकदम सैल करू नका. तेल तर अजिबात लावू नका.

तुमचा क्लास नसेल असा दिवस कळवा. मुलाला पूर्ण दिवस लागेल, आणि खोलीत एसी रोजच्यासारखाच चालू ठेवा, म्हणजे खुंट्या त्याच हवेत बसतील.