‘माकडं अजून का आहेत?’ : सोलापुरात फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

‘डार्विनचा फुगा फुटला’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. गल्लीचा ग्रुप, भिशीचा, माजी विद्यार्थ्यांचा, कुठलाच सुटलेला नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे पालकांकडूनही आला, खाली ‘सर, यावर काय म्हणणं?’ अशी ओळ जोडून. मजकूर थोडक्यात असा: माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत? माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय? डार्विन ‘बळी तो कान पिळी’ शिकवतो. डोळ्यासारखा अवयव योगायोगाने होणं अशक्य, हे त्याने स्वतःच कबूल केलंय. मधले दुवे सापडलेच नाहीत. आपल्या दशावतारात हे सगळं आधीच सांगितलंय. शेवटी डार्विनने मरताना माफी मागितली आणि म्हणूनच आता पुस्तकातून धडा काढला.

क्रम मेसेजमधलाच ठेवतो.

‘माकडं अजून का आहेत?’

आज झाडावर दिसणाऱ्या कुठल्याही माकडापासून माणूस झाला, असं डार्विनने म्हटलेलं नाही. १८५९ च्या त्याच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या गाजलेल्या ग्रंथात माणसाच्या उगमाविषयी जवळपास काहीच नाही. त्यावर तो सविस्तर लिहितो ते १८७१ मध्ये. म्हणणं असं आहे की माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते, तिथून दोन वाटा फुटल्या. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ. त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्या पेशीत २३. मग एक जोडी गेली कुठे? आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जोडली जाऊन झालेलं आहे, आणि एरवी फक्त टोकाशी असणारा डीएनएचा मजकूर त्याच्या मध्यभागी अजून सापडतो.

बरं, समजा पूर्वजच आहे असं धरलं, तरी नवं आलं की जुनं संपलंच पाहिजे हा नियम कुठला? आपली ज्वारी बघा. रानटी ज्वारी आजही सुदानकडच्या माळांवर उगवते. तिचं कणीस पिकलं की दाणे आपोआप झडतात, आणि झाडाला तेच सोयीचं, बी पसरायला हवं. पण पाचेक हजार वर्षांपूर्वी तिकडची माणसं ती कणसं कापून घरी न्यायला लागली तेव्हा घरापर्यंत पोचला कुठला दाणा? जो कणसाला घट्ट धरून होता तो. झडणारा रानातच राहिला. पुढच्या पावसात पेरला गेला तोही घरी पोचलेलाच दाणा. असं पिढ्यान्‌पिढ्या. कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नव्हतं. हुरड्याला आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळल्याशिवाय आपला दाणा सुटत नाही, त्यामागे ही सगळी निवड आहे. पुढे १९३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर, गावरान मालदांडीतून निवडत निवडत मालदांडी ३५-१ काढली आणि ती आजही रब्बीत पेरली जाते. पण म्हणून काही सुदानातली रानटी ज्वारी नाहीशी झाली नाही. मालदांडी आहे आणि तीही आहे.

‘कुणी पाहिलंय का?’

हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपपुरता नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत हेच बोलले होते, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं होतं.

एका माकडाचा एक माणूस होताना कुणी पाहिला नाही, पाहणारही नाही. तसं एकदा जरी घडलं तर डार्विनच खोटा ठरेल. बदलतो तो एकटा जीव नव्हे, बदलतो त्या जातीच्या पिढ्यांमधला हिशोब: कुठल्या प्रकारचे किती जगले आणि किती पिल्लं मागे ठेवून गेले. आणि हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, पट्टीने मोजलेलंसुद्धा.

सराटा आपल्याला सांगावा लागत नाही. माळावरनं सायकल घातली की टायरमध्ये घुसतो तो. त्याचाच एक भाऊबंद पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर उगवतो. तिथल्या डॅफ्नी मेजर नावाच्या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालून, एकेकाची चोच मोजत होतं. १९७७ मध्ये पाऊस जवळपास पडलाच नाही. दुष्काळ म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं समजावायला नको. मऊ, बारीक बी आधी संपलं. उरला तो काटेरी, टणक सराटा. तो फोडायला जाड चोच लागते. त्या वर्षी तिथल्या मध्यम भूफिंचांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पक्षी मेले. जगले त्यांत जाड चोचीचे जास्त होते, आणि चोचीची जाडी आईबापांकडून पिल्लांत उतरत असल्याने पुढची पिढीही जाड चोचीची निघाली. फरक किती? सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा फरकावर जगणं-मरणं ठरलं. पुढे १९८३ ला तिकडे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि वारं उलटं फिरलं: आता लहान चोचीवाले पुढे. एकाही पक्ष्याने चोच वाढवायचा प्रयत्न केलेला नव्हता.

इतक्या लांब जायचं नसेल तर कापूसवाल्या पाहुण्यांना विचारा, मराठवाड्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी असतंच. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार व्हावं म्हणून जनुक घातलेला कापूस, आपल्या देशात २००२ ला आला. बोंडअळी मरायला लागली, सगळे खूश. २०१० मध्ये हे तंत्र आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही. दोन जनुकांचं दुसरं बियाणं तोवर आलेलंच होतं. २०१७ ला महाराष्ट्रात त्याचीही बोंडं अळीने पोखरली. आपण म्हणतो, ‘अळी औषधाला सरावली.’ सरावली-बिरावली काही नाही. विष पचवू शकणाऱ्या थोड्या अळ्या मुळातच होत्या. बाकीच्या मेल्या, रान त्यांना मोकळं मिळालं, त्यांचीच संतती वाढली.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या कपाशीचं छोटं पाकीट यायचं, आठवतंय? कडेने निदान पाच ओळी लावा म्हणायचे. बहुतेकांनी ते बांधावर टाकलं. त्या छोट्या पाकिटात डार्विनचा सगळा हिशोब होता. साध्या कपाशीवर विषाने मरणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग व्हावेत आणि तगड्या अळ्यांच्या पतंगांशी त्यांची जोडी जमावी. ती संतती बीटीवर बहुतांशी मरते, म्हणून तगड्यांची फौज लवकर उभी राहत नाही. ते पाकीट बांधावर पडलं, आणि निवड आपल्या विरोधात गेली. ‘कुणी पाहिलंय’ असं विचारणाऱ्यांनी बोंडअळीचं नुकसान पाहिलेलं असतं, फक्त त्याला उत्क्रांती म्हणत नाहीत.

प्रयोगशाळेतलं हवं असेल तर रिचर्ड लेन्स्की या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या १२ बाटल्या सुरू केल्या. ३१ हजारांहून जास्त पिढ्यांनंतर त्यातल्या एका बाटलीतले जिवाणू हवा असताना सायट्रेट खायला शिकले, जे ई. कोलायला एरवी जमत नाही. ‘शिकले’ हा बोलण्याचा भाग; एकेक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात आपोआप झालेला बदल, साठत गेलं आणि कामी आलं.

‘बळी तो कान पिळी’

‘सर्वात लायक तो टिकतो’ हे वचनच मुळात डार्विनचं नाही, हर्बर्ट स्पेन्सरचं, १८६४ चं. डार्विनने ते नंतर, आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत उचललं. नसतं उचललं तर बरं झालं असतं, असं मला शिकवताना दरवर्षी वाटतं.

ताकदीचाच प्रश्न असता तर नान्नजला आज माळढोकांचे थवे असते. नर माळढोक पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वात वजनदारांपैकी एक. १९७९ ला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे तो दिसला तर बातमी होते. मादी उघड्या माळावर, गवतात, एकच अंडं घालते. माळ होता, गवत होतं, माणसं विरळ होती तोवर ही रीत लाखो वर्षं चालली. मग पाण्याबरोबर ऊस आला, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही. खाली बघत उडणारा एवढा जड पक्षी तारेपाशी ऐनवेळी वळू शकत नाही. शंभर-सव्वाशे ग्रॅमची साळुंकी मात्र सोलापूरच्या सात रस्ता चौकात खुशाल आहे. भिंतीतलं कुठलंही भोक तिला घरट्याला चालतं आणि खायला काहीही चालतं. यात बलवान कोण आणि लायक कोण? लायकी परिस्थितीवर ठरते, आणि परिस्थिती बदलली की कालचा लायक आज अडचणीत.

यातून ‘दुबळ्यांना मरू द्यावं’ असा उपदेश काढणं तर आणखी चुकीचं. दगड खाली पडतो असं सांगणारा माणूस कुणाला गच्चीवरून ढकला म्हणत नसतो.

‘डोळा योगायोगाने कसा?’

डार्विनने कबूल केलं म्हणतात ते वाक्य खरंच आहे. डोळा निवडीतून घडला असेल हे म्हणणं अगदीच विपरीत वाटतं, असं तो लिहितो. मेसेज तिथेच थांबतो. डार्विन थांबत नाही. साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंत पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी त्या प्राण्याला उपयोगाची असली तर अडचण उरत नाही, हे तो लगेच पुढे सांगतो. त्या पायऱ्या आज जिवंत आहेत. प्लॅनेरिया या चपट्या किड्याची उजेडाची दिशा कळण्यापुरती वाटी, नॉटिलस या शंखातल्या समुद्री प्राण्याचा भिंग नसलेला छिद्राचा डोळा, ऑक्टोपसचा भिंगाचा डोळा. १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला: दर पायरीला अगदी किरकोळ सुधारणा धरूनही सपाट संवेदी चकतीपासून माशासारख्या डोळ्यापर्यंत चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात.

योगायोग फक्त एका ठिकाणी आहे, उत्परिवर्तन होण्यात. त्यातलं काय राहणार आणि काय जाणार, हा योगायोग नाही.

आणि इतका निर्दोष म्हणता तो आपला डोळा तपासून बघा. वहीच्या पानावर डावीकडे फुली काढा, उजवीकडे आठ-दहा सेंटिमीटरवर ठळक टिंब. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच बघत पान हळूहळू जवळ आणा. एका अंतरावर टिंब गायब होतं. आपल्या दृष्टिपटलाच्या तंतू-तारा पुढच्या बाजूने जातात आणि बाहेर पडायला पटलालाच भोक पाडतात. त्या भोकावर पडलेलं आपल्याला दिसत नाही. ऑक्टोपसच्या तारा मागून जातात, त्याला हा आंधळा ठिपका नाही.

‘मधले दुवे कुठे आहेत?’

बरेच आहेत, आणि जमिनीवरचे चार पायांचे प्राणी आणि देवमासे यांना जोडणारा एक फार छान दुवा आपल्याच देशातला आहे. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळून खडक गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते खडक अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसन यांच्या प्रयोगशाळेत फोडले गेले. आत इंडोहायस नावाचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, हरणासारख्या अंगाचा छोटासा चार पायांचा प्राणी निघाला. त्याच्या कानाच्या हाडाची भिंत एका बाजूला जाड होती, आणि ही खूण तोवर फक्त देवमाशांच्या घराण्यातच माहीत होती. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाकिस्तानातला चालणारा देवमासा पाकिसेटस १९८१ पासूनच माहीत होता. कच्छमध्येही जुन्या देवमाशांचे अवशेष आहेत.

‘आपल्याकडे का नाही सापडत?’ असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. कारण भुईकोट किल्ल्याच्या आसपास पायाखाली आहे तो काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. वितळलेल्या दगडात कोण टिकणार?

‘दशावतारात आधीच आहे’

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम पाण्यातून जमिनीकडे येतो, हे साम्य कुणालाही भावेल. पण कूर्म हा मत्स्याचा वंशज आहे असं कुठलं पुराण सांगतं? प्रत्येक अवतार स्वतंत्र, विशिष्ट कार्यासाठी. यादीही सगळीकडे सारखी नाही: कुठे बलराम, कुठे बुद्ध, आणि आपल्याकडच्या जुन्या पंचांगांवर नवव्या जागी चक्क विठ्ठल. पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्याला यात काही खटकत नाही, कारण तो जीवशास्त्र वाचत नसतो. त्या कथेकडून वेगळं काम मागू नये.

‘माफी मागितली, धडा काढला’

माफीची कथा पहिल्यांदा छापून आली १९१५ मध्ये, अमेरिकेतल्या एका बॅप्टिस्ट नियतकालिकात, शेवटच्या दिवसांत डार्विनला भेटले होते असं सांगणाऱ्या लेडी होप नावाच्या बाईंच्या नावावर. डार्विन गेला १८८२ ला. त्याची मुलगी हेन्रिएटा शेवटच्या वेळी जवळ होती. अशी भेटच झाली नाही, असं तिने १९२२ मध्ये स्पष्ट लिहिलं. आणि मागितली असती माफी, तरी बोंडअळीला त्याचं काय?

धड्याचं म्हणाल तर केंद्रीय मंडळाच्या शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला हे खरं, त्याविरुद्ध १८०० हून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्र काढलं हेही खरं. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. सोलापुरातल्या बहुतेक मराठी शाळांतली मुलं तर राज्य मंडळाची. त्यांच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकांच्या घरात कुणी दहावीला असेल तर पुस्तक दप्तरातच मिळेल, आणि मार्चच्या पेपरात त्यावर गुणही आहेत.