डोलकाठीतली उजनी

मे महिना. आमच्या भागात नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते. गच्चीवर आडव्या ठेवलेल्या डोलकाठीचं एक टोक मी उचललं, आतून खळ्ळकन पाणी धावलं आणि खालून बायको ओरडली, "अहो, पाणी आलं!" शेजारच्या काकू घागर घेऊन नळापाशी पोचल्यासुद्धा.

चूक माझीच. सोलापुरात राहून मी शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली होडी घेतली, उजनीच्या जलाशयात फिरवायला. होडी १६ फुटांची, काठी २६ फुटांची. मागे लाल फडकं बांधून टेम्पोतून घरी आणली. ही ॲल्युमिनियमची काठी पोकळ, पण हवाबंद हवी. होडी कलंडली की काठी तरंगते आणि होडी आडवीच थांबते. काठीत पाणी असलं तर ती बुडते आणि होडी पुरती उपडी. मग मच्छीमारांच्या विनवण्या! त्या मी केल्या आहेत.

पाणी आत शिरवतं आपलं सोलापूरचं ऊन. ६० अंशांना तापलेली काठी २७ अंशांच्या पाण्यात पडली की आतली हवा दहाएक टक्के आकसते आणि काठीला सुटे भाग जोडणाऱ्या खिळ्याच्या, म्हणजे रिव्हेटच्या, सुईएवढ्या फटीतून पाणी ओढून घेते, शहाळ्यात नळी घातल्यासारखं.

बाहेर यायला मात्र ते तयार नाही. काठी तिरकी करून तळाचा रिव्हेट ड्रिलनं उडवला, चार थेंब. तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडावं लागतं, हे मला इंजिनिअर असून आठवलं नाही, बायकोला आठवलं. शेंड्याचा रिव्हेट काढला तेव्हा धार लागली. साडेतीन लिटर! उजनी मायनसमध्ये, माझी काठी प्लसमध्ये.

फट शोधायला पंक्चरवाल्याला बोलावलं. त्यानं काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. "मालक, एवढं मोठं घमेलं कुठनं आणू?"

शेवटी साबणाचा फेस फासून सायकलच्या पंपानं हवा भरली, अगदी बेतानं. जोर केला तर धड असलेलं सीलही सुटतं. बुडबुडे बारा ठिकाणी! जुने रिव्हेट काढून, सिलिकॉन लावून बंद तोंडाचे नवे मारले. शेंड्याच्या टोपणाभोवतीही सिलिकॉन फिरवलं. फेसाला दोन तांबे पाणी गेलं, ते अजून ऐकवलं जातं.

काठीतलं पाणी बायकोनं वाया जाऊ दिलं नाही. कूलरमध्ये ओतलं. रात्रभर घरात उजनीच्या शेवाळाचा गारेगार वास.